लोकलमधून पडून मृत्यू: आठ लाखांची मर्यादा कुठे लागते, कुठे नाही

प्रश्न असा आहे: चुलतभावाचा आठ दिवसांपूर्वी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान धिम्या लोकलमधून पडून मृत्यू झाला. वय 38, कायम नोकरी, पगार 40,000. मागे पत्नी, दोन लहान मुले आणि आई. खिशात पास सापडला नाही. एकजण म्हणतो, कायद्याने 8 लाखच मिळतात. दुसरा म्हणतो, 50 लाखांचा दावा लावा. तिसरा म्हणतो, तिकीट नाही म्हणजे विषय संपला. यातले खरे कोणते?

पहिल्याचे बरोबर आहे, पण अपुरे. दुसऱ्याचे मोटार अपघाताला लागू आहे, रेल्वेला नाही. तिसऱ्याचे साफ चूक. मूळ रक्कम 8 लाख. ती वाढत नाही आणि मृत्यूच्या बाबतीत कमीही होत नाही. तिच्यावर अपघाताच्या तारखेपासून व्याज मागता येते. तिकीट न सापडल्याने दावा पडत नाही, फक्त पुराव्याचे काम वाढते. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात एका वर्षाच्या आत करायचा.

आता सविस्तर. रेल्वे अधिनियम 1989 मध्ये प्रवाशांच्या भरपाईची दोन कलमे आहेत आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. कलम 124 गाडीच्या अपघाताचे: टक्कर, रुळांवरून घसरणे, गाडीला झालेला इतर अपघात. कलम 124-अ 'अनपेक्षित घटने'चे. हे कलम 1 ऑगस्ट 1994 पासून आले. त्यात दहशतवादी कृत्य, हिंसक हल्ला, लूट, दरोडा, दंगल, गोळीबार, जाळपोळ येते. तशी घटना गाडीत घडो, फलाटावर घडो किंवा स्थानकाच्या आवारात. आणि त्यातच प्रवासी गाडीतून प्रवाशाचे अपघाताने पडणे येते. 11 जुलै 2006 चे पश्चिम रेल्वेवरचे बॉम्बस्फोट दहशतवादी कृत्याच्या पोटकलमात बसतात. लोकलच्या दारातून पडणे शेवटच्या पोटकलमात. तुमचे प्रकरण 124-अ चे आहे.

दोन्ही कलमांत एक वाक्य सारखे आहे. रेल्वेची चूक, निष्काळजीपणा किंवा कसूर असो वा नसो, रेल्वे प्रशासन विहित केलेल्या मर्यादेपर्यंत आणि 'फक्त त्या मर्यादेपर्यंत' भरपाई द्यायला जबाबदार राहील. सगळा व्यवहार या एका वाक्यात आहे. दावेदाराला मोटरमनची चूक, सिग्नलचा बिघाड, गर्दीचे नियोजन यातले काहीच सिद्ध करावे लागत नाही. त्याच्या बदल्यात कायद्याने रकमेला कुंपण घातले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशी अहवालासाठी थांबण्याचीही गरज नसते. कितीतरी कुटुंबे 'आधी अहवाल येऊ द्या' म्हणत वर्ष घालवतात. अहवालात कोणाचा दोष निघतो याचा तुमच्या रकमेशी काही संबंध नाही.

ती रक्कम अधिनियमात नाही, 1990 च्या भरपाई नियमांच्या अनुसूचीत आहे. आधी 2 लाख, नोव्हेंबर 1997 पासून 4 लाख, 1 जानेवारी 2017 पासून 8 लाख. म्हणजे मधली एकोणीस वर्षे आकडा हलला नाही. त्यात महागाईप्रमाणे आपोआप वाढ होण्याची तरतूद नाही. सरकारने अधिसूचना काढली तरच वाढते. माझ्या मते या कायद्यातला सर्वांत मोठा दोष हाच आहे.

मृत्यूला 8 लाख. दोन्ही हात गेले, एक हात आणि एक पाय गेला, दोन्ही डोळ्यांनी काम करण्याइतके दिसेनासे झाले, तरी 8 लाखच. त्याखाली उतरती यादी आहे: खांद्याच्या सांध्यातून हात गेला तर 7,20,000, एका पायाचे मांडीचे किंवा नडगीचे हाड मोडले तर 80,000. यादीत न बसणारी पण माणसाला कोणतेही काम करण्यास असमर्थ करणारी इजा असेल तर पुन्हा 8 लाख. चार इजा झाल्या म्हणून चार आकड्यांची बेरीज करून 11 लाख मागता येत नाहीत. नियम 4 प्रमाणे एका माणसाची एकूण भरपाई 8 लाखांच्या वर जात नाही.

जखमींच्या दाव्यांत नेहमी एक चूक होते. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डवर 'पायाला फ्रॅक्चर' एवढेच लिहिलेले असते. कोणते हाड, कोणत्या बाजूचे, विच्छेदन झाले असेल तर खुंट किती इंच राहिला, यावर अनुसूचीतली ओळ ठरते. प्रमाणपत्रात हे स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर न्यायाधिकरण खालची ओळ लावते.

मग 50 लाख कुठून आले? मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या हिशेबातून. तुमच्या भावाला लोकलऐवजी ट्रकने उडवले असते तर हिशेब असा झाला असता. वर्षाचा पगार 4,80,000. वय चाळिशीच्या आत आणि नोकरी कायम, म्हणून भविष्यातल्या वाढीचे 50 टक्के धरून 7,20,000. चार आश्रितांसाठी स्वतःच्या खर्चाची एक चतुर्थांश वजावट, उरले 5,40,000. वय 36 ते 40 साठी गुणक 15. झाले 81 लाख; वर अंत्यसंस्कार वगैरेची ठरावीक रक्कम, खाली आयकराची वजावट. तोच माणूस, तोच पगार, तेच कुटुंब. रस्त्यावर 81 लाख आणि रुळांवर 8 लाख. हा फरक अन्याय्य वाटणे साहजिक आहे, पण न्यायाधिकरणापुढे पगाराच्या स्लिपा ठेवून तो भरून निघत नाही. स्लिपांचा गठ्ठा जोडू नका, वाचणाऱ्याचा वेळ जातो. उलट बाजूही लक्षात घ्या: ज्या फेरीवाल्याच्या उत्पन्नाचा एक कागदही नाही त्याच्या घरच्यांनाही हेच 8 लाख मिळतात, आणि ते कमी करा असे रेल्वेला म्हणता येत नाही.

मर्यादेच्या बाहेर पडण्याच्या वाटा आहेत, पण अरुंद. दिवाणी न्यायालय बंद आहे. रेल्वे दावा न्यायाधिकरण अधिनियम 1987 चे कलम 15 त्या दाव्यांसाठी इतर सर्व न्यायालयांचा अधिकार काढून घेते. रेल्वे अधिनियमाचे कलम 128 म्हणते की कामगार भरपाईचा कायदा किंवा इतर कायद्याखालचा हक्क शाबूत राहतो, मात्र एकाच अपघाताची भरपाई दोनदा मागता येत नाही. भाऊ मालकाच्या कामासाठी प्रवास करत असेल, तर कामगार भरपाईचा आकडा आधी काढून पाहा. मासिक वेतन आणि वय यांवरून येणारी ती रक्कम कधीकधी 8 लाखांहून जास्त भरते. एकदा न्यायाधिकरणाचा निकाल घेतला की ती वाट बंद. तिसरी वाट विम्याची. कलम 128 चे दुसरे उपकलम सांगते की विमा किंवा करारातून मिळणाऱ्या पैशाला काही बाधा नाही. एलआयसी, कंपनीचा गट विमा, बँक खात्याशी जोडलेला अपघात विमा, हे सगळे 8 लाखांशिवाय. लांब पल्ल्याच्या गाडीचे तिकीट आयआरसीटीसीवरून काढताना काही पैशांचा जो ऐच्छिक प्रवास विमा दिसतो त्यात मृत्यूला 10 लाख आहेत, म्हणजे कायद्याच्या भरपाईपेक्षा जास्त. पण तो लोकलला नाही. ज्यांनी तो घेतला आहे त्यांनी तिकीट निघाल्यावर येणाऱ्या दुव्यावर जाऊन नामनिर्देशन भरावे. बहुतेक जण तो संदेश न वाचताच पुसून टाकतात.

रेल्वे फाटकावर गाडीने रिक्षाला धडक दिली आणि रिक्षातला माणूस गेला, तर तो रेल्वेचा प्रवासी नव्हे. त्याचे वारस मोटार अपघात न्यायाधिकरणात रेल्वेलाही प्रतिवादी करू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये ते मान्य केले. तिथे रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, पण 8 लाखांचे कुंपण नसते. मेट्रोचा प्रवासीही या व्यवस्थेत येत नाही. मेट्रोसाठी 2002 चा वेगळा कायदा आणि वेगळे दावा आयुक्त आहेत. कोकण रेल्वे मात्र येते. ती महामंडळ असली तरी कायद्याच्या भाषेत रेल्वे प्रशासनच आहे.

जाता जाता, कारण परदेशातले नातेवाईक हमखास विचारतात: अमेरिकेतही मर्यादा आहे, पण ती माणशी नसून अपघातामागे आहे. 1997 च्या अॅमट्रॅक (तिथली राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनी) कायद्याने एका अपघातातल्या सगळ्या प्रवाशांच्या मिळून दाव्यांना 20 कोटी डॉलरची मर्यादा घातली. 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थच्या टकरीत 25 जण गेले, तेव्हा तेवढ्याच रकमेत सर्वांना बसवावे लागले. 2015 च्या फिलाडेल्फिया अपघातानंतर मर्यादा 29.5 कोटी झाली आणि दर पाच वर्षांनी महागाईप्रमाणे वाढवण्याची सोयही त्याच कायद्यात आली. तिथे जखमी जितके जास्त तितका प्रत्येकाचा वाटा कमी. आपल्याकडे तसे होत नाही. बालासोरसारख्या मोठ्या अपघातातही प्रत्येक मृत प्रवाशाचा आकडा तोच.

व्याजाकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण मिळणाऱ्या पैशात फरक पडू शकतो तो फक्त इथेच. सर्वोच्च न्यायालयाचा 9 मे 2018 चा निकाल, वकिलांच्या तोंडी 'रीना देवी', या विषयातला सर्वांत उपयोगाचा निकाल आहे. त्यात ठरले की व्याज अपघाताच्या तारखेपासून मिळते. दर ठरलेला नाही. हिशेबासाठी 9 टक्के सरळव्याज धरू. तुमचा निकाल तीन वर्षांनी लागला तर 8 लाखांवर 2,16,000, एकूण 10,16,000. मर्यादा मूळ भरपाईला आहे, व्याजाला नाही. म्हणून अर्जाच्या मागणीत 'अपघाताच्या तारखेपासून व्याज' हे शब्द लिहिलेलेच हवेत. पुष्कळ छापील अर्जांत नुसते 'व्याजासह' असते आणि मग व्याज अर्जाच्या तारखेपासून की निकालाच्या, यावर अपील करत बसावे लागते.

2017 च्या आधीच्या अपघाताचा दावा ज्यांचा अजून लोंबकळत आहे त्यांचा हिशेब वेगळा आहे. तेव्हाचे 4 लाख अधिक व्याज एका बाजूला, निकालाच्या दिवशीचे 8 लाख दुसऱ्या बाजूला, यातले जे जास्त ते. 2012 चा अपघात, 2020 चा निकाल: 4 लाखांवर आठ वर्षांचे 2,88,000, एकूण 6,88,000, हे 8 लाखांहून कमी, म्हणून 8 लाख. 2009 चा अपघात, 2023 चा निकाल: चौदा वर्षांचे व्याज 5,04,000, एकूण 9,04,000, हे जास्त, म्हणून हेच. 9 टक्क्यांनी साधारण अकरा वर्षांनंतर व्याजाचे पारडे जड होते. 8 लाख घेतले तर त्यावर पुन्हा अपघातापासूनचे व्याज मिळत नाही. दोन्ही मागणारे अर्ज येतात आणि फेटाळले जातात.

आता खऱ्या लढाईकडे येऊ. रक्कम ठरलेली, चूक सिद्ध करायची नाही. मग रेल्वेचे वकील भांडतात कशावर? दोनच गोष्टींवर. मृत व्यक्ती प्रवासी होती का, आणि ती गाडीतून पडली का.

दुसरी गोष्ट आधी घेऊ, कारण मुंबईतले दावे बहुतेक इथेच बुडतात. रुळ ओलांडताना गाडीखाली आलेला माणूस कलम 147 खालचा अनधिकृत प्रवेश करणारा ठरतो, त्याला भरपाई नाही. रुळांवर मिळालेला मृतदेह दोन्ही गोष्टी सांगू शकतो. म्हणून पहिल्या काही तासांत कोणी काय शब्द लिहिला यावर सगळे अवलंबून असते. क्रम असा: मोटरमन किंवा गार्ड (आता ट्रेन मॅनेजर) नियंत्रण कक्षाला कळवतो, स्टेशन मास्तर मेमो काढतो, तो लोहमार्ग पोलिसांकडे जातो, हमाल स्ट्रेचरवरून नेतात, पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होते. मेमो एका ओळीचा असतो. 'अप धिमी लाइन, किमी 41/12 जवळ एक पुरुष गाडीतून पडून जखमी' अशी ओळ असेल तर दावा निम्मा उभा राहिला. 'अज्ञात गाडीची धडक लागून' अशी ओळ असेल तर रेल्वे तीच ओळ शेवटपर्यंत वाचून दाखवते. बऱ्याच वेळा मेमो लिहिणाऱ्याने काहीच पाहिलेले नसते, सवयीने 'धडक' लिहिलेले असते. असे असेल तर त्या वेळी त्या लाइनवरून गेलेल्या गाडीच्या मोटरमनने धडकेची नोंद केली होती का, ते विचारा. माणसाला धडक दिल्याची नोंद कोणत्याच मोटरमनने केलेली नसेल, तर 'धडक' हा शब्द आला कुठून, हा उलटतपासणीचा सर्वांत चांगला प्रश्न आहे.

पंचनाम्यात तीन गोष्टी पाहा: मृतदेह कुठे होता (रुळांच्या मध्ये, दोन लाइनींच्या मधल्या जागेत की बाहेरच्या बाजूला), तिथून पादचारी पूल किंवा लोकांची ओलांडण्याची वाट किती दूर होती, आणि अंगावर काय मिळाले. दोन स्थानकांच्या ऐन मध्यावर, जिथे ओलांडून जायला पलीकडे काहीच नाही, तिथे पाठीवर बॅग घेतलेला माणूस संध्याकाळी सात वाजता रुळ ओलांडत होता हे म्हणणे टिकायला कठीण असते. शवविच्छेदन अहवालात डोक्याला मार, फासळ्या, घसटल्याच्या खुणा असतील तर पडण्याशी जुळते. शरीराचे दोन तुकडे झाले असतील तर रेल्वे म्हणते, हा गाडीखाली आला. त्यावर उत्तर असते: पडलेला माणूस त्याच गाडीच्या किंवा शेजारच्या लाइनवरच्या गाडीच्या चाकाखाली जाऊ शकतो. जखमांचे स्वरूप एकट्याने दावा ठरवत नाही, पण त्याचे उत्तर तयार ठेवावे लागते.

दारात उभा होता, लटकत होता, चालत्या गाडीत चढत होता, ही रेल्वेची पुढची फळी. इथे कायदा प्रवाशाच्या बाजूने आहे. 2008 आणि 2010 च्या निकालांनी आणि मग 2018 च्या निकालाने हे पक्के केले की चढता-उतरताना पडणे हे अपघाताने पडणेच आहे आणि प्रवाशाचा निष्काळजीपणा हा बचाव नाही. 'स्वतःहून करून घेतलेली इजा' म्हणायला तसा इरादा लागतो; बेपर्वाई पुरत नाही. पायरीवरून प्रवास करणे कलम 156 खाली गुन्हा आहे, म्हणून हे 'स्वतःचे गुन्हेगारी कृत्य' झाले, असाही युक्तिवाद येतो. तेव्हा कलम 156 पूर्ण वाचून दाखवा: रेल्वे कर्मचाऱ्याने बजावल्यानंतरही जो हट्टाने पायरीवर राहतो त्याला ते लागते. गर्दीच्या वेळी दिव्याला कोणी कोणाला बजावलेले नसते.

भरपाई नाकारण्याची कारणे पाच: आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतः करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेले कृत्य, नैसर्गिक कारण किंवा आजार. नशेच्या मुद्द्यावर डॉक्टरने 'तोंडाला दारूचा वास' असा शेरा मारलेला असतो. व्हिसेरा (शवविच्छेदनात काढून ठेवलेले अवयवांचे नमुने) रासायनिक तपासणीला गेला का आणि प्रमाण किती आले, हे मागा. कलमात नुसती नशा नाही, नशेत केलेले कृत्य आहे. शांतपणे उभा असलेला माणूस धक्क्याने पडला तर दारू आणि पडणे यांचा संबंध रेल्वेने दाखवायचा. आजाराच्या बाबतीत मात्र सावध राहा. गाडीत हृदयविकाराचा झटका आला आणि माणूस गेला, तर 124-अ लागत नाही, आणि तसे दावे दाखल करून कुटुंबाच्या पदरी हेलपाट्यांशिवाय काही पडत नाही.

काही घटना व्याख्येच्या काठावर असतात. जानेवारी 2025 मध्ये जळगाव जिल्ह्यात पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली, लोक रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडले. हे 'पडणे' नाही, 'उतरणे' आहे, असे म्हणता येते. पण रेल्वेने तेव्हा मृतांसाठी 1.5 लाखांचे सानुग्रह (भरपाईहून वेगळी, तातडीची मदत) जाहीर केले, आणि 1.5 लाख हा आकडा अनपेक्षित घटनेच्या दराचा आहे. घटनेला रेल्वेने स्वतः कोणत्या खान्यात टाकले याचा तो कागद अशा प्रकरणात दाव्याला जोडावा.

आता तिकीट. 2018 च्या निकालाप्रमाणे पहिला भार दावेदारावर आहे, पण तो शपथपत्राने उतरतो: तो कोणत्या स्थानकावरून कुठे, कशासाठी जात होता, पास कोणता होता, हे माहीत असलेल्या माणसाने शपथेवर सांगायचे. मग भार रेल्वेवर जातो. तिकीट नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असे ठरत नाही. मात्र मृतदेह रेल्वेच्या हद्दीत मिळाला एवढ्यावरून प्रवासी होता असेही ठरत नाही. 'त्याच्याकडे तिकीट असणारच' असे एका वाक्याचे शपथपत्र निरुपयोगी. भाऊ रोज जात असेल तर कामाच्या ठिकाणची हजेरी, त्या दिवशीची बाहेर पडल्याची वेळ, रोज बरोबर असणारा सहप्रवासी, आणि सर्वांत महत्त्वाचा त्याचा मोबाइल. रेल्वेच्या मोबाइल अॅपवर पास काढला असेल तर कागदी पास खिशात मिळणारच नव्हता. फोन फुटला असला तरी नोंदणी मोबाइल क्रमांकावर असते. सिम चालू ठेवा, बंद करायला दुकानात जाऊ नका. खिडकीवरून काढला असेल तर मागच्या महिन्याचा जुना पास घरात सापडतो, त्यावरच्या क्रमांकावरून रेल्वेकडची नोंद माहिती अधिकारात किंवा न्यायाधिकरणाच्या आदेशाने काढता येते. पैसे यूपीआयने गेले असतील तर बँकेचे विवरणपत्र. जप्त वस्तूंच्या यादीत पाकीट, फोन आहेत का हेही पाहा. पाकीटच यादीत नसेल तर पास त्यातच गेला असू शकतो, आणि हा मुद्दा अर्जातच मांडायचा, नंतर सुचला म्हणून नाही.

दावा कोणी करायचा? तुम्ही नाही. चुलतभाऊ कलम 123 च्या आश्रितांत येत नाही. पत्नी आणि मुले थेट येतात. मृत व्यक्ती विवाहित असल्याने आई आपोआप येत नाही. ती पूर्ण किंवा अंशतः त्याच्यावर अवलंबून होती हे दाखवावे लागते, रेशनकार्ड आणि एकत्र राहत असल्याचा पुरावा बहुधा पुरतो. एकाने केलेला अर्ज सर्व आश्रितांच्या फायद्याचा असतो, पण आईचे नाव घातले नाही तर वाटणीच्या वेळी घरात भांडण होते. चौघांचीही नावे पहिल्याच अर्जात घाला.

अर्ज नमुना 2 मध्ये. शुल्क नाही. दावेदार जिथे राहतो, तिकीट जिथे काढले, घटना जिथे घडली किंवा प्रवास जिथे संपणार होता, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या खंडपीठात करता येतो. महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूर अशी दोन खंडपीठे आहेत. पर्याय चार असले तरी अर्ज एकच. गावाकडच्या नातेवाइकाने एका वकिलाकडून आणि मुंबईच्या सासऱ्यांनी दुसऱ्याकडून अर्ज टाकला, तर दोन्ही संशयात सापडतात. शवागाराबाहेर वकीलपत्रावर सही घेणारे दलाल असतात. त्या दिवशी कोणत्याही कागदावर सही करू नका. केली असेल तर कोणाला दिली ते शोधून काढा.

मुदत घटनेच्या तारखेपासून एक वर्ष. शवविच्छेदन अहवाल उशिरा आला, पोलिसांनी कागद दिले नाहीत, ही कारणे उशीर माफ करण्याच्या अर्जात चालतात, पण तो अर्ज वेगळा करावा लागतो. एखादा कागद नसेल तरी अर्ज आधी दाखल करा आणि कागद नंतर जोडा. निकाल विरोधात गेला तर उच्च न्यायालयात 90 दिवसांत अपील. पैसे बँक खात्यात येतात आणि मुलांचा वाटा सहसा मुदत ठेवीत ठेवला जातो, तेव्हा मुलांची खाती आत्ताच उघडून ठेवा.

सानुग्रह रक्कम ही वेगळी बाब. सप्टेंबर 2023 पासून गाडीच्या अपघातात मृत्यूला 5 लाख, अनपेक्षित घटनेत 1.5 लाख, गंभीर जखमींना अनुक्रमे 2.5 लाख आणि 50,000. ही मदत तातडीची असते, ती घेतल्याने न्यायाधिकरणातला दावा संपत नाही. 'पूर्ण व अंतिम' असे शब्द कुठल्या पावतीवर दिसले तर सही करण्याआधी विचारा. रुळ ओलांडणाऱ्याला सानुग्रह मिळत नाही, म्हणून तुमच्या भावाच्या बाबतीत ते मंजूर झाले तर ती चिठ्ठी जपून ठेवा; पुढे 'तो ओलांडत होता' म्हणणे रेल्वेला जड जाईल. दावा दाखल केल्यावर त्याची प्रत जोडून कलम 126 खाली रेल्वेकडे अंतरिम मदतही मागता येते. ती अंतिम रकमेतून वजा होते. फारच थोडे लोक मागतात.

घटनेला आठच दिवस झाले आहेत, म्हणून उद्याच एक पत्र द्या. स्थानकातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण ठरावीक दिवसांनी पुसले जाते आणि नंतर न्यायाधिकरणाने आदेश दिला तरी परत येत नाही. पत्र रेल्वे सुरक्षा दलाच्या चौकीच्या प्रभारींना आणि विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना, दोन प्रतींत, पोच घेऊन. त्यात घटनेची तारीख, भाऊ ज्या स्थानकावर चढला त्याचे नाव, फलाट क्रमांक, अंदाजे वेळेच्या आधीची आणि नंतरची तीस-तीस मिनिटे, त्याच्या शर्टाचा रंग आणि बॅग. 'चित्रण जतन करावे' एवढेच मागा, प्रत आत्ता मागू नका. प्रत मागितली की परवानगीच्या पत्रव्यवहारात दिवस जातात. त्याच फेरीत लोहमार्ग पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूचा नोंद क्रमांक घ्या आणि स्टेशन मास्तरच्या मेमोतली ती एक ओळ वाचून जशीच्या तशी उतरवून आणा.